मुखवट्याला फाशी देता येत नाही

मार्व्हल कॉमिक्सच्या जगात ओहायो राज्यातल्या मेडिना काउंटीत एक बार आहे. त्याला पाटी नाही आणि नावही नाही, म्हणून ‘बार विथ नो नेम’ हीच त्याची ओळख. जुलै 1986 च्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या 319 व्या अंकात तिथे एक बैठक भरते. जमलेले सगळे दुय्यम-तिय्यम दर्जाचे खलनायक असतात. कोणीतरी आपल्यासारख्यांना एकेक करून टिपतंय, त्याचा बंदोबस्त कसा करायचा, हा बैठकीचा विषय. बोलणी चालू असतानाच बारमागे उभा असलेला बारटेंडर बंदूक बाहेर काढतो. ज्याच्यापासून जीव वाचवायचा होता तो माणूस वेष पालटून तिथेच उभा असतो. 18 जणांवर गोळ्या झाडल्या जातात. त्यातला एक वाचला होता, असं नंतरच्या कथांत उघड झालं. वॉटर विझर्ड नावाचा आणखी एकजण वाचला तो केवळ गाडीचं टायर पंक्चर झाल्यामुळे पोचायला उशीर झाला म्हणून.

या मारेकऱ्याचं नाव ‘स्कर्ज’. मे 1985 च्या ‘आयर्न मॅन’ 194 मध्ये तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो एका म्हातारीच्या वेषात होता आणि त्याने ‘एन्फोर्सर’ नावाच्या भाडोत्री गुंडाला उडवलं. मग वर्षभर मार्व्हलच्या वेगवेगळ्या मालिकांत हाच प्रकार सुरू राहिला. कथा भलतीच चाललेली असायची, मध्येच गर्दीतला कोणीतरी साधा माणूस पुढे यायचा, स्फोटक गोळ्या सुटायच्या आणि ‘न्याय झाला!’ हे ठरलेलं वाक्य ऐकू यायचं. मागे एक मृतदेह उरायचा.

हे पात्र मार्क ग्रुनवाल्डचं. मार्व्हलच्या शेकडो पात्रांची अधिकृत सूची बनवणारा हा माणूस. 1983 च्या आसपास त्याने त्या विश्वाचा कोश प्रकाशित करायला सुरुवात केली. कोणाची शक्ती काय, कोणाचा जन्म कुठला, कोण कोणाचा शत्रू, हे सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. साहजिकच, एकदा येऊन गेलेले, एकासारखे एक असलेले, कोणत्याच लेखकाला पुन्हा नको असलेले खलनायक किती साचलेत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ही गर्दी कमी करणं हा स्कर्जमागचा उघड संपादकीय हेतू होता. पण ग्रुनवाल्ड नुसता कारकून नव्हता. त्याच काळात तो महानायकांनी चांगल्या हेतूने अख्खा देश ताब्यात घेतला तर काय होईल, याचीही एक मालिका लिहीत होता. त्यामुळे साफसफाई म्हणून सुरू झालेल्या या कथेत त्याने एक गाठ मारून ठेवली. ती गाठ मला आजच्या अनेक सार्वजनिक वादांच्या मुळाशी दिसते.

ती गाठ 320 व्या अंकात आहे. कॅप्टन अमेरिका सापळा रचून स्कर्जला पकडतो. मुखवटा उतरतो आणि तो माणूस आपली कहाणी सांगतो. एन्फोर्सर हा त्याचा सख्खा भाऊ. भावाने घराण्याच्या नावाला काळिमा फासला म्हणून याने त्यालाच संपवलं आणि मग थांबणं जमलं नाही. इथवर हे आपल्या ओळखीचं आहे. संताप, लाज, सूड, सगळं माणसाचंच. पण त्याला पोलिसांच्या हवाली करण्याआधीच कुठूनतरी गोळ्या येतात, तो कोसळतो आणि अंधारातून तेच वाक्य ऐकू येतं: ‘न्याय झाला!’ बोलणारा दिसत नाही. स्कर्ज मेला आणि स्कर्जनेच त्याला मारलं. मुखवटा जिवंत राहिला.

गुन्हा सिद्ध करायचा म्हणजे सगळ्यात आधी ‘हे कोणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर लागतं. कायद्याची सगळी इमारत त्या एका प्रश्नावर उभी आहे. आरोपपत्रात नाव लागतं, साक्षीदाराला बोट दाखवायला चेहरा लागतो, शिक्षा भोगायला शरीर लागतं. एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मुखवटा हा प्रश्नच गिळून टाकतो. कोणी मारलं? स्कर्जने. स्कर्ज कोण? तो तर मेला. मग कालचा खून कोणी केला? स्कर्जने. म्हणून माझं म्हणणं असं आहे की सूड घेणाऱ्या एकट्या माणसापेक्षा त्याचा मोकळा राहिलेला मुखवटा समाजाला जास्त घातक असतो. आणि जो कोणी समाजाच्या नावाने बळ वापरतो, मग तो सरकारी असो वा स्वयंघोषित, त्याचं नाव कळण्याचा हक्क आपण कधीही सोडता कामा नये.

हा मुखवटा पुढे कोणाकोणाकडे गेला ते पाहण्यासारखं आहे, कारण तो क्रम लेखकांनी आधी ठरवून आखलेला नाही. वेगवेगळ्या लेखकांनी, वेगवेगळ्या दशकांत, आपापल्या गरजेपुरता तो उचलला आणि तरीही त्यातून एक भयानक सुसंगत गोष्ट तयार झाली.

1993 च्या ‘यू.एस. एजंट’ मालिकेत उघड झालं की स्कर्ज ही एक संघटना आहे. माणसं निवडायची, त्यांना शिकवायचं, पैसा आणि माहिती पुरवायची, आणि पकडला गेलेला तोंड उघडण्याआधी त्याला संपवायचं. पैसा कोणाचा? थॉमस हॅलोवेचा, म्हणजे ‘एंजल’चा. हा मार्व्हलच्या अगदी पहिल्या, ऑक्टोबर 1939 च्या अंकातला नायक. स्वतःच्या एका झुंजीत निरपराध जीव गेल्याचं शल्य त्याला होतं. स्वतः पोशाख उतरवून ठेवला, पण ते शल्य त्याने पैशाच्या रूपाने दुसऱ्यांच्या हाती दिलं. आपले हात स्वच्छ, बंदूक भलत्याच्या हातात आणि मरणारा तिसराच. त्याच मालिकेत प्रिसिला लायन्स नावाच्या तरुणीलाही स्कर्ज म्हणून तयार केलं जातं. ती खून करायला नकार देते, तेव्हा संघटना तिच्याच जिवावर उठते. मुखवटा घालणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय राहत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

मग 2000 च्या सुमारास ‘थंडरबोल्ट्स’ मालिकेत स्कर्ज पुन्हा आला. या वेळी आत होता जॅक मनरो, एके काळचा कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार. त्याला पाठवणारा हेन्री गायरिच हा सरकारी अधिकारी. आणि तो गायरिच स्वतःही दुसऱ्याच्या ताब्यातलं बाहुलं असल्याचं निघतं. म्हणजे मारणारा म्हणतो मला पाठवलं, पाठवणारा म्हणतो मी शुद्धीवर नव्हतो. 2009 मध्ये सुरक्षेची सर्व सूत्रं हाती आलेल्या नॉर्मन ऑस्बॉर्नच्या मारेकरी तुकडीत हा मुखवटा फ्रँक सिम्प्सनच्या तोंडावर होता. चेहऱ्यावर अमेरिकेचा झेंडा गोंदवलेला आणि औषधाच्या गोळ्या खाऊन लढणारा हा सैनिक. आणि 2012 मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’त तो मुखवटा डेनिस डन्फीच्या, म्हणजे डी-मॅनच्या तोंडावर आला. डी-मॅन हा कॅप्टनचा जुना, भोळा, पडेल ते काम करणारा मित्र. त्याचाही मेंदू ताब्यात घेतलेला. शेवटी कॅप्टनची सहकारी शॅरन कार्टर हिला त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

भावाच्या संतापातून निघालेला मुखवटा आधी श्रीमंताच्या तिजोरीत गेला, तिथून सरकारी कचेरीत, तिथून सत्ताधाऱ्याच्या खासगी फौजेत आणि अखेर एका निष्पाप मित्राच्या चेहऱ्यावर. प्रत्येक पायरीवर मारणाऱ्याची स्वतःची इच्छा कमी होत गेली आणि त्याला वापरणाऱ्याची वाढत गेली. सुरुवातीचा स्कर्ज निदान चिडलेला तरी होता. शेवटच्याला आपण कोण आहोत हेही धड माहीत नाही. ज्यांना आज एखाद्या ‘झटपट न्याय’ देणाऱ्याबद्दल आदर वाटतो, त्यांनी हा उतार नीट पाहावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्याला पाहून वाजवलेल्या टाळ्या पाचव्यालाही पोचतात.

टाळ्यांचा प्रश्न खरा आहे, कारण स्कर्ज जन्मला त्या महिन्यांत अमेरिका खरोखरच टाळ्या वाजवत होती. 22 डिसेंबर 1984 रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ याने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. ते आपल्याला लुटणार होते, असं त्याचं म्हणणं. तो कोण हे कळायच्या आतच शहरातल्या मोठ्या वर्गाने त्याला डोक्यावर घेतलं. 1987 मध्ये खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून तो सुटला, शिक्षा झाली ती फक्त विनापरवाना पिस्तुलाबद्दल. त्या चौघांपैकी एकजण कायमचा अपंग झाला होता. त्याच्या दिवाणी दाव्यात 1996 मध्ये ज्यूरीने गेट्झला 4 कोटी 30 लाख डॉलरची भरपाई लावली. एकाच घटनेवर दोन ज्यूरींनी दिलेली ही दोन उत्तरं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: गेट्झ काही दिवसांनी स्वतः पोलिसांत हजर झाला. त्याला नाव होतं, म्हणून त्याच्यावर दोन्ही खटले चालू शकले. निकाल पटो न पटो, प्रश्न विचारायला समोर माणूस होता.

स्कर्जच्या बळींबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण झटपट न्यायाचं दुसरं अंग तिथे आहे. बारमधल्या त्या 18 जणांत टर्नर डी. सेंच्युरी नावाचा एकजण होता. त्याला विसावं शतक उजाडतानाचं सॅन फ्रान्सिस्को परत हवं होतं. तो जुन्या थाटाचे कपडे घालायचा, दोघांची सायकल हवेत उडवायचा आणि त्याच्या छत्रीतून आग निघायची. होलोग्रामच्या आधाराने चोऱ्या करणारा एकजण त्याच रांगेत होता. पाणबुडीतून लूटमार करणारा एकजण होता. हे गुन्हेगार होते यात शंका नाही. पण यातल्या कोणाच्या गुन्ह्याला देहदंड असतो? आणि वाचकाला तो प्रसंग आवडला तो नेमका हे लोक किरकोळ होते म्हणून. कोणी त्यांच्यासाठी रडणार नव्हतं. डॉक्टर डूम किंवा रेड स्कल यांच्यासारख्या बड्या खलनायकांच्या वाटेला स्कर्ज परिणामकारकपणे गेला नाही, कारण ती पात्रं कंपनीला हवी होती. मला यात झटपट न्यायाचं सगळं अर्थशास्त्र दिसतं. ज्यांच्यामागे कोणी नाही, त्यांच्यावरच गोळी सुटते. बडे गुन्हेगार पुढच्या अंकासाठी राखून ठेवले जातात.

कोणी म्हणेल, कॉमिक्स आहे, किती ताणायचं? पण माणसागणिक फिरत राहणारा मुखवटा ही अमेरिकेच्या इतिहासातली अगदी खरी वस्तू आहे. 1865 मध्ये टेनेसीतल्या पुलास्की गावात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची टोळी सुरू झाली. पांढरा बुरखा घातला की शेजारचा दुकानदार, गावचा शेरीफ, शेतमालक, कोणीही ‘क्लॅन’ होई. सकाळी बुरखा पेटीत गेला की गावात खुनी कोणीच नसे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना रात्री घरातून ओढून नेणाऱ्या हातांना दिवसा नावं नसत. ही टोळी मोडली, 1915 मध्ये पुन्हा उभी राहिली, पुन्हा ओसरली आणि पुन्हा डोकं वर काढलं. माणसं मेली तरी बुरख्याची शिलाई तशीच राहिली. म्हणूनच अमेरिकी काँग्रेसने 1870 च्या कायद्यात, नागरिकांना त्यांच्या हक्कांपासून रोखण्यासाठी वेष पालटून सार्वजनिक रस्त्यावर फिरणं हाच गुन्हा ठरवला. जॉर्जिया राज्याने 1951 मध्ये चेहरा झाकण्याविरुद्ध कायदा केला आणि 1990 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ज्या समाजाने हा प्रकार अंगावर भोगला, त्याला कळलं होतं की माणसं एकेक करून पकडत बसण्याआधी बुरख्यावरच हात घातला पाहिजे.

आणि बोधचिन्हांचं तरी वेगळं काय? मार्व्हलचा पनिशर फेब्रुवारी 1974 मध्ये आला. छातीवर पांढरी कवटी, कुटुंबाच्या हत्येचा सूड आणि गुन्हेगार दिसला की गोळी. तो एकच माणूस आहे, फ्रँक कॅसल. पण त्याची कवटी त्याच्या अंगावर राहिली नाही. ती इराकमधल्या अमेरिकी सैनिकांच्या गणवेशांवर गेली, मग पोलिसांच्या गाड्यांवर. 2017 मध्ये केंटकीतल्या एका लहान गावच्या पोलिसांनी ती गस्तीच्या गाड्यांवर लावली आणि टीका झाल्यावर काढली. पनिशरचा निर्माता जेरी कॉनवे वारंवार सांगत राहिला की हे पात्र न्यायव्यवस्था कोसळल्याचं लक्षण आहे, कायद्याच्या रक्षकाने ते मिरवणं म्हणजे आपण गुन्हेगाराच्या बाजूला आहोत असं जाहीर करणं. 2020 मध्ये त्याने ती कवटी कृष्णवर्णीयांच्या चळवळीसाठी वापरण्याची मोहीमही काढली. तरी 6 जानेवारी 2021 ला अमेरिकी संसदेवर चालून गेलेल्या जमावातही ती दिसली. चिन्ह एकदा मोकळं सुटलं की निर्मात्यालाही ते परत बोलावता येत नाही.

मुखवट्याचा वारसा प्रत्येक वेळी असाच सडतो का? आमच्या पिढीतल्या मराठी वाचकाला इथे वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, आठवल्याशिवाय राहणार नाही. ली फॉकने 17 फेब्रुवारी 1936 ला सुरू केलेली ही चित्रकथा मार्च 1964 पासून भारतात इंद्रजाल कॉमिक्समधून निघू लागली आणि मराठीतही घराघरांत वाचली गेली. तिथेही मुखवटा फिरतोच. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळाने शपथ घेतली आणि आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातले लोक आणि समुद्रावरचे चाचे समजतात की हा एकच माणूस आहे, त्याला मरण नाही. वरवर पाहता स्कर्जचंच तंत्र.

पण वेताळ राहतो त्या कवटीच्या गुहेच्या आत काय आहे ते आठवा. तिथे आधीच्या प्रत्येक वेताळाची कबर आहे आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बखरींचे खंड ओळीने लावलेले आहेत. कोणी काय केलं, कोणाशी लढला, कुठे चुकला, सगळं पुढच्याला वाचायला मिळतं. बाहेरच्यांसाठी तो अमर असला तरी आत गुहेत प्रत्येकाला त्याच्या कृत्यांचा हिशोब आहे. शिवाय तो मारण्यासाठी बंदूक उचलत नाही, शत्रूच्या हातातलं पिस्तूल उडवतो, जबड्यावर ठोसा देऊन ठसा उमटवतो आणि माणसाला कायद्याच्या हाती देतो. वेताळाच्या कथेत वसाहतवादी नजर आहे, जंगलाचा गोरा राजा ही कल्पनाच आज टोचते, आणि ते सांगितलंच पाहिजे. पण वारशाच्या प्रश्नावर ती स्कर्जपेक्षा शहाणी आहे. नोंद ठेवणारा वारसा आणि नोंद पुसणारा वारसा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. स्कर्जच्या संघटनेचा पहिला नियमच हा की पकडला गेलेला बोलता कामा नये.

हा फरक महाराष्ट्राला पुस्तकातून शिकायची गरज नाही. नव्वदच्या दशकात मुंबईने ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ नावाची एक पदवी तयार केली. सरकारी दफ्तरात असं पद नव्हतं, पण वर्तमानपत्रांत होतं, सिनेमांत होतं, गल्लीतल्या गप्पांत होतं. एकजण बाजूला पडला की ती पदवी दुसऱ्याला मिळे आणि प्रत्येकाच्या नावापुढे मारलेल्यांचा आकडा धावसंख्येसारखा छापला जाई. खंडणीच्या फोनांनी व्यापारी, बिल्डर, डॉक्टर जेरीस आले होते. खटले वर्षानुवर्षं चालत होते आणि साक्षीदार फुटत होते, हेही तितकंच खरं. त्या भीतीत जगलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण 1995 ते 1997 या काळातल्या 99 चकमकी आणि त्यांत मेलेले सुमारे 135 लोक यांच्याबद्दल पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना न्यायालयात गेली, आणि 23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते या सगळ्यावरचं नेमकं उत्तर आहे. प्रत्येक चकमकमृत्यूची एफआयआर, दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून किंवा सीआयडीकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा, आणि शौर्य निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय बढती किंवा पदक नाही. या सगळ्याचा रोख एकच: गोळी कोणी झाडली ते कागदावर आलं पाहिजे.

लोकांना मात्र कागद नको असतो, फुलं उधळायची असतात. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवरच्या अत्याचार आणि हत्येतले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले. पोलिसांवर पाकळ्यांचा वर्षाव झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने 2022 मध्ये अहवाल दिला की पोलिसांची हकिगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या ठार मारण्याच्या उद्देशानेच झाडल्या गेल्या आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. त्या मुलीला खरा न्याय मिळाला का? तिच्या बाबतीत कोणी काय केलं, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही आणि आता होणारही नाही. ते उत्तर त्या चौघांबरोबर गेलं.

मुखवट्याविरुद्ध इतकं लिहिताना एक भेद स्पष्ट ठेवायला हवा, नाहीतर हाच युक्तिवाद दुबळ्यांवर उलटेल. आंदोलनात तोंडाला रुमाल बांधणारा विद्यार्थी, नाव न देता लाचखोरी उघड करणारी कर्मचारी, टोपणनावाने लिहिणारा, अत्याचाराची पीडिता, या सगळ्यांना ओळख लपवण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यांच्या हातात बळ नसतं, ते बळापासून वाचत असतात. प्रश्न मुखवट्याच्या कापडाचा नाही, त्याच्याबरोबर हातात काय आहे याचा आहे. ज्याच्या हातात बेडी, लाठी किंवा बंदूक आहे आणि ती वापरायची मुभा आहे, त्याने चेहरा झाकला की नागरिकाकडे काहीच उरत नाही.

अमेरिकेत हा वाद अलीकडेच अगदी तापला. 2025 मध्ये स्थलांतर खात्याचे अधिकारी तोंड झाकून, नाव न सांगता लोकांना रस्त्यावरून उचलू लागले. अधिकाऱ्यांच्या घरच्यांना धमक्या येतात, हे सरकारचं समर्थन. ते सरसकट खोटं म्हणून झटकून टाकावं असं मला वाटत नाही. पण धमक्या देणाऱ्यावर खटला भरता येतो, अनोळखी हातावर भरता येत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2025 मध्ये कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या मुखवट्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं. आपल्याकडे हे तत्त्व आधीच मान्य झालेलं आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी असलीच पाहिजे. छातीवरची ती छोटी नेमप्लेट ही माझ्या दृष्टीने लोकशाहीतली फार मोठी वस्तू आहे. साध्या वेषातल्या पथकांनी ती गुंडाळून ठेवली तर ती गोष्ट क्षुल्लक समजू नये.

नाव असण्याने काय फरक पडतो ते मुंबईतल्याच एका प्रकरणात दिसतं. नोव्हेंबर 2006 मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया वर्सोव्यात चकमकीत मेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्याच्यावर गुन्हे होते. स्कर्जच्या यादीत सहज बसला असता असा माणूस. पण त्याच्या भावाने, जो वकील होता, आपल्या भावाला उचलून नेलंय अशा तारा आणि फॅक्स त्याच दिवशी वरिष्ठांना पाठवून ठेवले होते. वेळ, ठिकाण, तक्रार, सगळं नोंदलेलं. पुढची लढाई वर्षानुवर्षं चालली. त्याच्याबरोबर उचललेला मुख्य साक्षीदार 2011 मध्ये साक्ष देण्याआधीच बेपत्ता झाला आणि मग त्याचा मृतदेह मिळाला. तरीही 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरवलं, आणि मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी निर्दोष सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही पदवी कोर्टात उभी राहू शकत नव्हती. तिच्यामागची माणसं, नावानिशी, उभी राहिली.

पुढची चकमक होईल, कारण ती होतेच. त्या रात्री मोबाईलवर अभिनंदनाचे संदेश फिरू लागतील. त्या वेळी मेलेला माणूस किती वाईट होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही, बहुधा तो वाईटच असेल. विचारायचं ते इतकंच: एफआयआर कोणत्या ठाण्यात नोंदली? तपास त्याच ठाण्याकडे आहे की दुसऱ्याकडे? शस्त्रं जमा झाली का? दंडाधिकाऱ्यांची चौकशी कधी सुरू होणार? आणि गोळी झाडणाऱ्याचं नाव काय?